आईची हरकत

"रिक्वेस्ट कनाला?" मी केतनदादाच्या हातातला पेन खेचला. "जागा आमची, नि विनंती पन आम्हीच करायची?"

"अमिषा, आवाज खाली. इंग्रजी अर्ज असाच असतो."

"मग हरकतीला काय म्हनतात?"

त्याने उठून दार लोटलं. काकाचा मुलगा, बी.कॉम., आणि किनाऱ्यावरच्या नव्या बंगल्यावर राखणदार, चावी याच्याच खिशात. त्याची अडचण मला कळत होती, म्हणूनच डोकं जास्त फिरलं.

बंगल्यासमोर आमची बोंबील वाळवायची जागा. पावसाळ्यात सगळे बांबू काढतात, पण प्रत्येक घर आपला एक उभा ठेवतं. तो असला की जागा त्या घराची. कागदबिगद कुणाकडेच नाही. यंदा बंगलेवाला हात जोडून आला. मुलीचं लग्न आहे, फोटोत बांबू येतो, चार दिवस काढा ना ताई. ताई म्हणाला आणि आई विरघळली! तिनेच उपटला. लग्न झालं आणि तिथे तारेचं कुंपण आलं.

"तू काढलासच कसा?" मी रोज विचारायचे. ती पाटी उचलून बाहेर जायची.

शेवटी दादा पुटपुटला, "वी हियरबाय ऑब्जेक्ट. म्हंजे, या कागदानं आम्ही हरकत घेतो. पन माझं अक्षर नको. बंगलेवाले साहेब वलखतील."

त्याने मोबाईलवर टाइप केलं, मी बघून उतरवलं. नववीत शाळा सोडलेली मी, एकेक अक्षर दातओठ खाऊन काढलं.

अलिबागच्या तहसील ऑफिसात क्लार्कने पहिलीच ओळ वाचली. "ऑब्जेक्ट? मावशी, हे कुणी शिकवलं? विनंती लिहा, साहेब खूश होतात."

मी तोंड उघडणार तोच आई बोलली.

"विनंती बंगलेवाल्यानं केलती, भाऊ. मी ऐकली. आता ही हरकत हाय. घ्या."

त्याने शिक्का मारला. "निकाल काय लागेल ते कळवू."

घरी येऊन आईने ओल्या बोंबलांची पाटी उचलली ती थेट कुंपणापाशी. दोन-दोन बोंबील, जबड्यात जबडा अडकवून, ती त्या तारेवर टांगायला लागली.

"केतन, हटाव उनको!" बंगल्यातून आवाज आला.

दादा कुंपणाच्या आतून धावत आला. "काकी..."

आईने वर बघितलंही नाही. पुढची जोडी टांगली. बोंबलांचं पाणी पलीकडे त्याच्या पायांवर ठिबकत होतं, आणि तो मागे सरकला नाही.