उखळ सुटलं, बिजागरी अडकली

पाय आखडला तेव्हा कानिफतात्यांना दुखण्याचं काही वाटलं नाही, धास्ती पडली ती मिशीची. गेल्या साली सप्ताहाच्या पंगतीत म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या मांडल्या, तेव्हा तात्या चारचौघांत गरजले होते, "खुर्चीवर बसून आमटी-भाकर खाल्ली तर मिशी उतरवीन!" त्यांचा लंगोटीयार बिभीषण कसला मागं राहतोय! "मी बी!" म्हणाला. आता रस्त्यात भेटेल तिथं विचारायचा, "काय कानिफा, न्हाव्याला सांगू का?"

तात्यांची सून निकिता राहुरीला फिजिओथेरपिस्ट. तिनं सासऱ्याला बाजेवर झोपवून पाय हलवून पाहिला.

"मामा, गुडघा म्हणजे बिजागरीचा सांधा. दारासारखा उघडायचा, मिटायचा, बस्स. मांडी घालताना पाय बाहेर वळतो तो खुब्यातून. तो उखळीचा सांधा, चारी बाजूंनी फिरतो. तुमचं उखळ आखडलंय, आणि बिजागरीत जोर राहिला नाही. दोन्हींचा व्यायाम करा."

'उखळ' ऐकलं आणि तात्यांचे कान तिथंच मिटले. "म्हंजी गुडघ्याची काय चूक न्हाई! उगं शिव्या घातल्या बिचाऱ्याला." त्या दिवसापासून गोठ्यामागं खांबाला धरून तात्या पाय गरागरा फिरवू लागले. गाय बिथरली, दूध कमी देऊ लागली.

"अवो, गुडघ्याचा येयाम कोन करनार?" बायको सत्यशीलाबाई ओरडल्या.

"उखळात पाय घातलाय, आता बिजागरीला काय भ्यायचं!"

सप्ताहातली पंगत बसली. खुर्च्यांकडं ढुंकूनही न बघता तात्यांनी धोतर सावरलं आणि काय सांगू, अशी झकास मांडी ठोकली की बघतच राहावं. समोर बिभीषणही ऐटीत मांडी घालून बसला होता. तात्यांनी मिशीला पीळ दिला.

आमटी ओरपून झाली, पंगत उठली. तात्या मात्र उठेनात. गुडघा जागचा हलेना! बसायला उखळ लागतं आणि उठायला बिजागरी, हे आत्ता डोक्यात शिरलं. दरदरून घाम फुटला. चारचौघांत हसं होणार, मेलो!

"वाढ रं अजून आमटी!"

दुसरी पंगत बसली, तीही उठली. तात्यांचं पोट तट्ट फुगलं. समोर बघतात तर बिभीषण तिथंच, भाकरीचा तुकडा चिवडत.

"ऊठ की रं बिभीषणा."

"आदी तू ऊठ. मला भूक हाय अजून."

"मंग डोळ्यात पानी का?"

"आमटी लई तिखट हाय." बिभीषणानं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कानिफा, तुजा बी गुडघा?"

"व्हय रं."

सत्यशीलाबाईंनी खुर्ची आणून दोघांच्या मधोमध आपटली.

"न्हाई बसनार!" दोघं एका दमात ओरडले.

"बसा म्हनलं कोनी? धरून उठा! सुंभ जळाला तरी पीळ जाईना मेल्यांचा."

दोघांनी दोन बाजूंनी खुर्ची धरली. करकर आवाज झाला, तो खुर्चीचा की गुडघ्यांचा, देव जाणे. पण मिशा वाचल्या.

दुसऱ्या दिवशी काल्याची पंगत होती. तात्या आणि बिभीषण सकाळीच कमरेला उपरणं बांधून, हातात आमटीची बादली घेऊन हजर. वाढप्याला बसावं लागत नाही.