बिनशब्दांचा हेल

मनस्वी दीड वर्षाची झाली, तरी एक शब्द बोलत नव्हती. डॉक्टरांनी शुक्रवारी रत्नागिरीला कानांची तपासणी ठेवली होती आणि गुरुवार काही केल्या सरत नव्हता. मी तिच्या पाठीमागे ताट पाडलं. वळली. मग वाटलं, सावली दिसली असेल. परत पाडलं, तर ढिम्म. नवरा, विनीत, मुंबईहून फोनवर सांगत राहिला, की काही पोरं उशिरानं बोलतात. त्याला सांगायला काय जातं?

मला कुरतडत होतं ते वेगळंच. मी कोल्हापूरची. लग्न होऊन पूर्णगडला आले, त्या आठवड्यात अंगणातून सासूबाईंना विचारलं, वाळत घातलेली आमसुलं आत घेऊ का. तेवढ्यावर शेजारच्या येसूबाई दगडी कुंपणाच्या गडग्यापलीकडून धावत आल्या, भांडण कसलं म्हणून. इकडे प्रश्नाचं शेपूट हळूच वर चढतं, लांबतं. माझा प्रश्न नारळ पडावा तसा पडतो. गावभर हसू झालं. तेव्हापासून मी आवाज दाबला, तो लेकीशी बोलतानाही दाबलेलाच राहिला. गळा मोकळा व्हायचा तो फक्त दुपारी, मागच्या खोलीचं दार लावून आईला फोन केला की. तेव्हा मनू मांडीवर असायची. ऐकत होती की नुसती बसली होती, कोण सांगणार?

सासूबाई पडवीत ओले काजूगर सोलत होत्या. मनूनं टीव्हीचा रिमोट उचलला, कानाला लावला आणि सुरू झाली. बा, बा, बाऽऽ. शब्द एकही नाही. पण शेवट वर चढवून लांबवलेला, मग थांबणं, मान हलवून "हूंऽ".

सासूबाईंचा हात थांबला. "अगो, हा माझा हेल. भावाला फोन लावते ना, तो."

मला पटेना, आणि पटल्यावाचून राहवेना. तेवढ्यात मांजर काजूच्या सुपाकडे आलं. मनूनं रिमोट टाकला, बोट उगारलं आणि त्याला झापलं. बा! बाबा! बा! तीन घाव, शेवटचा दणकन खाली. त्यात कोकण औषधालाही नव्हतं.

"आणि ही भांडखोर कोण?" सासूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या.

"मी की!" मी म्हटलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच भर पडवीत, पूर्ण गळ्यानं. मनूनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. ताट नव्हतं, सावली नव्हती.

धाकधूक गेली असं नाही. तपासणीचे कागद मी तरीही पिशवीत भरले, दोनदा. पण भरताना मनूशी बोलत होते, तोंडाला येईल तसं, कोल्हापुरी.

गडग्यापलीकडून येसूबाईंनी विचारलं, "काय झालं गो? भांडण काय?"

"नाय गो," सासूबाईंनी शेपूट लांबवत उत्तर दिलं, "सून बोलतेय लेकीशी."