दुसऱ्या ब्रेकवरचा पाय

मित्रांनो, माणसाला या जगात दोनच गोष्टी तारतात. एक परमेश्वराची कृपा आणि दुसरा मी. मी एक जुना ब्रेक आहे. खरं सांगायचं तर ब्रेकही नव्हे, ब्रेकचं नुसतं पेडल. आणि तेही दुसरं. पहिलं पेडल ड्रायव्हरच्या पायाशी असतं, त्याचा जन्म कारखान्यात होतो. माझा जन्म कुन्नप्पळ्ळी या आमच्या डोंगरातल्या गावच्या चढावर, पोन्नप्पन वेल्डरच्या टपरीत, मोडीत निघालेल्या जीपच्या लोखंडातून झाला. औसेप्प आशानच्या पांढऱ्या मारुतीत मला डाव्या बाजूला बसवलं आणि एका दांडीने पहिल्याशी जोडलं. मी दबलो की तो दबे, तो दबला की मी.

आमच्याकडे गाडी शिकवणाऱ्याला आशान म्हणतात. तलवारबाजी शिकवणाऱ्यालाही आशानच म्हणतात. दोन्हीकडे जीव मुठीत धरावा लागतो.

आशान गाडीत बसला की चप्पल काढून उजवा पाय माझ्यावर ठेवी. टाचेला भेगा, अंगठ्याखाली कुरूप. शिकायला येणाऱ्यांना तो आधी मैदानात नेई. तिथे लोखंडी कांबी रोवून केलेल्या मार्गातून गाडी पुढे-मागे काढावी लागे. मंत्र ठरलेला असे: मागच्या काचेवरच्या टिकलीत तिसरी कांब दिसली की स्टिअरिंग पूर्ण फिरवायचं. मुलं महिन्याभरात त्यात तरबेज होत. पण रस्त्यावर कांबी नसतात. तिथे मी असे. समोरून ट्रक आला की शिकणारा डोळे विस्फारून बघत राही, आशानचा पाय माझ्यावर अलगद पडे, गाडी थांबे, आणि शिकणाऱ्याला वाटे, आपणच थांबवली. मग लायसन मिळालं की तो स्वतःची गाडी बाहेर काढी आणि आठवड्याच्या आत कुणाचं तरी कंपाउंड पाडी. गावातले गवंडी दर नाताळला आशानकडे केक पाठवत.

लिन्सी आली तेव्हा तिला नुकतं अठरावं सरलं होतं. तिच्या बापाच्या, कुर्याक्कोसच्या, किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा त्याला डोंगराखालच्या इस्पितळात डायलिसिसला न्यावं लागे. दारात जीप होती, पण ती चालवणारा एकटा तोच होता. शेजारचा चाक्कोच्चन त्याला ने-आण करी आणि वाटेत ऐकवी, "कुर्याच्चा, तुझं रक्त धुऊन येतं, माझं मात्र आटतं." अशात एकदा चाक्कोच्चन उगवलाच नाही. त्या दिवशी कुर्याक्कोसचे पाय सुजून खांबासारखे झाले. दुसऱ्या दिवशी लिन्सीने आशानच्या गाडी शिकवायच्या शाळेत नाव घातलं.

"घाबरतेस?" आशानने विचारलं.

"नाही."

"मग उतर खाली. न घाबरणाऱ्याच्या हातात मी गाडी देत नाही."

"घाबरते, आशान."

"कशाला? मी आहे ना."

पोरीचा हात चांगला होता. फक्त एका जागी तिचं घोडं पेंड खाई. चर्चखाली रस्ता एकदम उतरतो आणि वळतो. एका अंगाला दफनभूमीची भिंत, दुसऱ्या अंगाला दरी, आणि समोरून धापा टाकत वर येणारी बस. तिथे आलं की लिन्सीचा पाय गोठे. मग आशान मला दाबी. आणि इतरांना म्हशीच्या कुळात जन्माला घालणारा हा माणूस तिला म्हणे, "शाबास. बघ, कशी थांबवलीस."

तो खोटं का बोलत होता हे मला ठाऊक होतं. पोरीला धीर यायला हवा होता, आणि तिच्या बापाकडे वेळ नव्हता.

एका दुपारी त्याच वळणावर बस समोर आली. आशानने मला दाबलं. गाडी थांबली, बंद पडली, बस घासून निघून गेली. पण पाय उचलला गेला नाही. शाबासही आलं नाही. लिन्सी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसली. तिला वाटलं, आज आशान खरोखर चिडले.

"आशान, चुकलं माझं," ती म्हणाली.

मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला.

"आशान, शिवी तरी द्या."

तो पाय माझ्यावर हळूहळू जड होत गेला. लोकांनी आशानला बाहेर काढलं तेव्हा पाय सर्वांत शेवटी निघाला. मित्रांनो, लोखंडाला थंडी वाजत नाही असं म्हणतात. म्हणोत बापडे.

आशानला त्याच दफनभूमीत, भिंतीला लागून जागा मिळाली. शाळा त्याच्या बायकोने पुढे चालवली. तिचं नाव त्रेस्या, सगळं गाव तिला चेडत्ती म्हणे, म्हणजे थोरली वहिनी. आशानच्या बिड्या बघून तिने शिकवण्याचा परवाना आधीच काढून ठेवला होता. गुडघे दुखत म्हणून ती पाय सीटखाली ओढून बसे आणि अगदी वेळ आली तर हँडब्रेक खेची. माझ्यावर कुणाचाच पाय नसे.

तरी चर्चच्या वळणावर मी खाली जातो, हे एका मुलाने पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत गावाने. आशान अजून ब्रेक मारतो, ही बातमी तीन डोंगर ओलांडून गेली. जिवंतपणी आशानला जेवढी पोरं मिळाली नाहीत तेवढी मेल्यावर मिळाली. आया म्हणत, "शिकवायचं तर त्याच गाडीत. बाकीचे आशान काय, कधीही मरतील." कुणी माझ्या दांडीला जपमाळ अडकवली. फादरना गाडीवर पवित्र पाणी शिंपडायला बोलावलं तेव्हा ते म्हणाले, "आत्म्यासाठी मी प्रार्थना करतो. ब्रेक ऑइलचं तेवढं तुम्ही बघा."

आता खरं सांगतो. बहुतेक वेळा तो शिकणाऱ्याचाच पाय असे. त्या वळणाला भिऊन तो स्वतःच ब्रेक दाबी, दांडी मला खाली ओढी, आणि माझ्याकडे बघून तोच छातीवर क्रूस काढी. मी तो खुशाल काढू देई. इतका मान मला पूर्वी कधी मिळाला नव्हता.

पण लिन्सी परत आली, आणि तिच्या खेपेला मात्र दांडी ओढत नव्हती. वजन वरून येत होतं. भेगांसकट, कुरुपासकट. दांडीची ओढ आणि पायाचा भार यांतला फरक मला कळणार नाही तर कुणाला कळणार?

"चेडत्ती, तिथे मी ब्रेक मारतच नाही," एकदा ती गाडी बाजूला घेऊन म्हणाली. "आशान मारतात. आधीही तेच मारायचे. मला कळायचं."

"मग लायसन त्याच्या नावावर काढायचं का?"

"हसू नका. पप्पांच्या जीपमध्ये आशान नाहीत."

चेडत्ती हसत नव्हती.

परीक्षेच्या सकाळी इन्स्पेक्टरने गाडीत डोकावून सांगितलं, "दुसरा ब्रेक चालणार नाही. काढून आणा." चेडत्तीने पाना घेतला आणि ती गुडघ्यांवर बसली.

"तो काढलात तर मी परीक्षा देणार नाही," लिन्सी म्हणाली.

"पोरी, हा माणूस जिवंत होता तेव्हा जेवायला हाक मारली तर वेळेवर आला नाही. मेल्यावर तू त्याच्या भरवशावर डोंगर उतरणार?"

"एकदा आले होते वेळेवर."

चेडत्तीचा पाना थांबला. मग तिने शेवटचा नट काढला, मला पोत्यात गुंडाळलं आणि मागच्या सीटवर ठेवलं.

मैदान लिन्सीने डोळे मिटून काढावं तसं काढलं. मग इन्स्पेक्टर आशानच्या जागी बसला आणि म्हणाला, "चर्चवरून खाली घे." बाजार गेला, शाळा गेली, रस्ता उतरायला लागला. भिंत आली. बस आली.

आणि माझ्यावर पाय पडला.

मागच्या सीटवर, पोत्यात, कशालाही न जोडलेल्या माझ्यावर. भार वाढत गेला, सीट खचली, मला दाबता येईल तेवढं त्याने दाबलं. गाडी तशीच उतरत होती. मी आयुष्यात इतका निरुपयोगी कधी झालो नव्हतो. लिन्सीला काय कळलं, मला ठाऊक नाही. तिने एकदा श्वास आत घेतला, तो मी ऐकला. मग पुढे कुठेतरी पहिला ब्रेक दबला आणि गाडी थांबली. बस निघून गेली.

पाय माझ्यावर तसाच होता, थोडा वेळ. मग तो उचलला गेला. त्यानंतर तो पडला नाही.

"ब्रेक जरा उशिरा," इन्स्पेक्टर म्हणाला, "आणि हॉर्न?" पण त्याने पास केलं.

चेडत्तीने मला परत जोडलं नाही. पोन्नप्पनकडून नवा करून घेतला. मी आता कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला टेकून असतो. गंज चढलाय, वर कोंबडा बसतो. त्याचं वजन अगदीच किरकोळ. मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे: तुमच्यासाठी कुणी गुपचूप ब्रेक मारत असेल तर त्याचा पाय दुखतो का, हे तो हयात असताना विचारा. आणि जुन्या लोखंडाला वर्षातून एकदा तेल द्या.

लिन्सीने बापाला सलग दोन महिने स्वतः खाली नेलं. तिसऱ्या महिन्यात कुन्नप्पळ्ळीतच डायलिसिसचं केंद्र निघालं, त्यांच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे.