अज्जांची आठवी अवस्था

सिद्धेश्वरी समाजकार्य शिकायला लागली आणि घरातल्या कुणाचंच वागणं साधं राहिलं नाही. शेजारची तान्ही आरोही चप्पल चावायला लागली, की सिद्धी सांगायची, ही तोंडानं जग ओळखायची अवस्था. आई, म्हणजे दाक्षायणी, कपाट आवरता आवरता मध्येच लग्नातली साडी मांडीवर घेऊन बसली, तर ती मध्यवयाची अवस्था. आणि बँकेतून आलेले अप्पा टीव्हीसमोर मुकाट बसले, तर त्यांनी लहानपणी मनात काहीतरी दाबून ठेवलेलं. आता शिवानंदअप्पांनी लहानपणी काही दाबून ठेवलंच असेल तर भाकरीत शेंगाचटणी, त्यापलीकडे काही नाही. पण लेकीनं कॉलेजात जाऊन आणलेलं ज्ञान, ऐकून घ्यावं लागे.

‘मानवी वर्तन आणि विकास’ हा तिचा सगळ्यात आवडता पेपर. जन्मापासून मरणापर्यंत माणसाच्या आठ अवस्था, प्रत्येक अवस्थेत एक गाठ, ती सुटली तर माणूस पुढे सरकतो आणि नाही सुटली तर कुढत बसतो. आठवीतली गाठ म्हाताऱ्यांची: एक तर समाधान, नाहीतर निराशा. सत्राच्या शेवटी एका माणसाचा अभ्यास करून लिहायचा होता. बाकीच्या मुली माणसं शोधत वस्त्यांमधून हिंडत होत्या. सिद्धीला हिंडायची गरजच नव्हती. तिचा माणूस घरातच, आतल्या खोलीत, खिडकीशी बसलेला होता.

पंचाक्षरी अज्जा म्हणजे अप्पांचे वडील. टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. अडलेला यंत्रमाग त्यांनी हात लावला की चालायचा. अज्जी गेल्यावरही ते भवानी पेठेतल्या आपल्या खोलीत एकटेच राहत होते. गुडघा फारच कुरकुरायला लागला तेव्हा अप्पांनी त्यांना उचलून जुळे सोलापूरच्या फ्लॅटवर आणलं. फ्लॅट छान होता. लिफ्ट होती, गच्चीवर टाकी होती, जमिनीत टाकी होती, आपोआप चालू-बंद होणारी मोटर होती. नळ सोडला की पाणी, रात्री-अपरात्री कधीही.

आणि अशा या बिल्डिंगमध्ये अज्जा दर काही दिवसांनी पहाटे उठून, जिना चढून, घरोघरी दारं वाजवायचे. “पाणी आलंय. भरून घ्या.”

पहिल्यांदा लोक हसले. दुसऱ्यांदा कपाळाला आठ्या पडल्या. मग सोसायटीचे चेअरमन हिंदुराव घरी आले. ते मूळचे करकंबचे, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, बोलायला रांगडे पण मनाचे मऊ. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि मग बोलले.

“शिवानंदराव, राग मानू नका. म्हातारं मानूस हाय, आमी काय बोलनार? पण चार वाजता दार वाजलं की आमच्या घरात सगळ्यांचा जीव वर-खाली हुतोय. वाटतंय, गावाकडनं काय वंगाळ निरोप आला.”

अप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि इथे आमच्या सिद्धीबाईंनी आपली विद्या बाहेर काढली.

तिनं अप्पांची मुलाखत घेतली, आईची घेतली, हिंदुरावांचीसुद्धा घेतली. अज्जांवर लक्ष ठेवलं. मग एके संध्याकाळी अप्पांना समोर बसवून लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं. पत्नीचं निधन, घर सुटलं, काम सुटलं. आठव्या अवस्थेतली निराशा. विस्मरणाची सुरुवात, आपण जुन्या घरातच आहोत असं त्यांना वाटतं. “आज दारं वाजवतायत अप्पा, उद्या बाहेर पडतील. रस्ता विसरले तर?”

लेकाचं काळीज ते, चर्रकन् झालं. दुसऱ्याच दिवशी अप्पांनी जाळीच्या दाराला आतून लावायला कुलूप आणलं आणि रात्री किल्ली स्वतःजवळ ठेवायला लागले.

अज्जांनी कुलूप पाहिलं. कुलपाकडून नजर नातीकडे गेली. ते वळून आपल्या खोलीत गेले. त्या दिवसापासून मात्र दुसरी भाकरी नको म्हणायला लागले आणि खिडकीशी बसले की उठेनात. सिद्धीनं आग्रह करून पाहिला. तरी हात शिकलेला होता. तिनं अभ्यासात एक ओळ वाढवली, की निराशा वाढते आहे.

पेपर शिकवायला श्रीशैल सर होते. आवाज कधी न चढवणारा माणूस. त्यांनी सिद्धीचा अभ्यास सगळा वाचला, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, “छान लिहिलंयस. अवस्था बरोबर, लक्षणं बरोबर. पण यात आजोबांचं एकही वाक्य कसं नाही?”

“सर, मी निरीक्षण केलं.”

“ते दिसतंय. ते दारं का वाजवतात, हे तू सगळ्यांना विचारलंस. त्यांना विचारलंस?”

सिद्धीनं पानं उलटून पाहिली. तिला एकदम कळलं की हा प्रश्न आपल्या डोक्यात आलाच नव्हता. ज्याचं डोकं ठिकाणावर नाही त्यालाच काय विचारायचं, असं तिनं न ठरवताच ठरवून टाकलं होतं.

सरांनी फळ्यावर एक ठिपका काढला आणि भोवती वर्तुळं. “हा माणूस. हे घर, ही गल्ली, हे गाव. वागणं नुसतं माणसाच्या आत नसतं गं, या सगळ्यात मिळून असतं. तू ठिपका उचललास आणि वर्तुळं तिकडेच ठेवून आलीस. त्यांना घेऊन एकदा पेठेत जा. आणि तिथं वही काढू नकोस.”

रविवारी तिनं अज्जांना स्कूटीवर मागे बसवलं. भवानी पेठेत जायचं म्हटल्यावर अज्जांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी नीट केली आणि वाटभर तिचा खांदा घट्ट धरून ठेवला.

गल्लीच्या तोंडाशी उतरले तेव्हा दुपार कलत होती. कुठल्यातरी घरातून मागाची खडखड येत होती. अज्जा आपल्या जुन्या खोलीच्या पायरीवर टेकले आणि एवढ्यात समोरचा, काही दिवसांआड येणारा नळ फुसफुसला. आधी नुसती हवा. अज्जांनी मान वर केली. गुडघ्यावर हात देऊन उठले आणि निघाले.

सिद्धी मागे धावली. तिला वाटलं, झालं, पुन्हा सुरू झालं. पण पहिलं दार वाजलं आणि आतून बाई घागर घेऊनच बाहेर आली. “अगंबाई, अण्णा आले!” गल्लीत अज्जांना सगळे अण्णाच म्हणायचे. पुढचं दार, तिथे अज्जा कन्नडमध्ये म्हणाले, “नीर बंतु.” त्यापुढे पद्मशाल्यांचं घर, तिथे तेलुगूत. कोपऱ्यावरच्या घराशी “पानी आया की, भाभी.” आणि नुसतं पाण्याचं नाही. एका दारात गोळ्या घेतल्या का विचारलं, दुसऱ्या दारात पोराची परीक्षा कशी गेली विचारलं. तिसऱ्या घरातला म्हातारा दार उघडायला उशीर करत होता, तर त्यानं आवाज देईपर्यंत तिथून हलले नाहीत. सगळी गल्ली भांड्यांच्या आवाजानं भरून गेली. कुणी सिद्धीच्या हातात चहा दिला, कुणी म्हणालं, “अण्णा गेल्यापास्नं आमचं निम्मं पाणी वाया जातंय बघ. येऊन जातंय, कळत न्हाई.”

अज्जांच्या चेहऱ्यावर निराशा नव्हती, विस्मरण तर मुळीच नव्हतं. सिद्धीनं त्यांना इतक्या दिवसांत असं पाहिलंच नव्हतं. तिला फार बरं वाटलं आणि आपण लिहिलेलं आठवून तितकंच कानकोंडं झालं.

परत येताना दोघं रसवंतीवर थांबले. उसाच्या रसाचा पेला अज्जांच्या हातात देऊन तिनं एकदाचं विचारलं, “अज्जा, आपल्या बिल्डिंगला टाकी आहे, माहीत आहे ना तुम्हाला?”

“हौदु, म्हाईत हाय की.” अज्जांनी एक घोट घेतला. “माझ्या खिडकीखालीच हाय. पाणी पडायचा आवाज येतोय.”

“मग दारं का वाजवता?”

अज्जा थोडं हसले. “हितं आलो तवा शेजारच्याला नमस्कार केला. तो म्हणला, बोला, काय काम? आता काम काय असतंय, यव्वा? काम नव्हतं. काम असल्याबिगर तुमच्याकडं कुणाचं दार वाजवायचं नसतंय, असं दिसलं. मग मी काम काढलं. सोलापुरात पाणी आलंय म्हटलं की कुठलाबी माणूस दार उघडतोय. शिव्या द्यायला का होईना, उघडतोय. मग नाव विचारता येतंय.”

“पण पहाटे चारला, अज्जा?”

“पाणीच चारला येतंय, मी काय करू? पाणी नसताना आलंय म्हणून कसं सांगू?”

सिद्धीला हसू फुटलं आणि ते अर्ध्यातच थांबलं. “मग हे अप्पांना का सांगितलं नाहीत? कुलूप लावलं तेव्हा तरी?”

अज्जा पेल्यातला फेस बघत बसले. मग हळूच म्हणाले, “तू त्याला वाचून दाखवत हुतीस की. मी आतनं ऐकलं. लई चांगलं लिहिलंयस. आता मीच शाणा निघालो तर तुझा अभ्यास खोटा पडतोय. मार्क जातील म्हणून गप बसलो.”

सिद्धीला आयुष्यात कधी इतकी लाज वाटली नव्हती, आणि अज्जांबद्दल इतकी मायाही कधी दाटून आली नव्हती. तिनं घाईघाईनं हेल्मेट घातलं आणि काच खाली ओढली. रसवंतीवाला बघतच राहिला, कारण तिचा रस अजून तसाच होता.

घरी आल्यावर तिनं अप्पांना सगळं सांगितलं. चूक माझी, म्हणाली, कुलूप काढा. अप्पांनी डोळे पुसले, आणि तरीही म्हणाले, “खरंय तुझं. पण हिंदुरावांना काय सांगू? परत पहाटे दारं वाजली तर? थांब, बघू.” बँकेतला माणूस, सही करण्याआधी चारदा विचार करणार. त्या रात्रीही कुलूप लागलंच.

सकाळी उजाडता उजाडता जाळीच्या दारावर थाप पडली. बाहेर हिंदुराव उभे होते, अंगावर शाल, पायात स्लिपर. अप्पा दाराशी गेले आणि त्यांच्या लक्षात आलं की कुलूप आहे. किल्ली उशीखाली नव्हती. पँटच्या खिशात नव्हती. दाक्षायणीबाई फ्रिजवर शोधायला लागल्या. हिंदुराव जाळीतून सगळं बघत उभे.

“आजोबा बरे हायत ना?” त्यांनी विचारलं. “न्हाय म्हंजे, दोन-तीन बाऱ्या पानी येऊन गेलं, आन् दार काय वाजलं न्हाय. वरच्या मजल्यावरच्या वच्छलाबाई म्हनल्या, बघून तरी या. एकट्या असत्यात त्या. त्यास्नी चुकल्यासारखं वाटाय लागलंय.” मग त्यांची नजर कुलपावर गेली. “आन् आतनं कुलूप कशापायी? चोर-बिर आलता का काय?”

अप्पांचा हात गादीखाली तसाच राहिला. सिद्धीला वाटलं, आता आपणच बोललं पाहिजे, आणि तिनं तोंड उघडलंही.

तेवढ्यात आतल्या खोलीतून अज्जा आले. दाराशी उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, “मीच लावाय सांगितलं. वारा लई येतोय, दार आपटतंय.”

वारा अजिबात नव्हता. खिडकीचा पडदासुद्धा हलत नव्हता. हिंदुरावांनी कुलपाकडे पाहिलं, अप्पांच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि शेतकऱ्याच्या घरात वाढलेला तो माणूस जे समजायचं ते समजला. “व्हय, वारा हाय खरा,” म्हणाला.

किल्ली टीव्हीच्या मागे सापडली. अप्पांनी कुलूप काढलं आणि नुसतं काढलं नाही, तर किल्लीसकट हिंदुरावांच्या हातात दिलं. “मोटरच्या खोलीला लागेल तुम्हाला,” म्हणाले, आणि वडिलांच्या पायाशी वाकले. सणवार नव्हता. अज्जांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

“मग, आजोबा,” हिंदुराव कुलूप खिशात टाकत म्हणाले, “आज पानी आलंय का न्हाय?”

“आलंय की. चारलाच आलंय.”

“मग वाजवा की दारं. फकस्त उजाडल्यावर वाजवत जावा. टाकीतलं पानी काय पळून जात न्हाय.”

अज्जा टोपी घालून निघाले. सिद्धी त्यांच्यामागे. लिफ्ट होती, पण अज्जांना मजले चुकवायचे नव्हते. कठड्याला धरून, गुडघ्याला समजावत ते एकेक पायरी चढले आणि वच्छलाबाईंच्या दाराशी येऊन थांबले. सिद्धी या बिल्डिंगमध्ये लहानाची मोठी झाली होती. या दारावर तिनं कधी हात ठेवला नव्हता.

अज्जा बाजूला सरले. “तू वाजव,” म्हणाले.

तिनं दार वाजवलं. आतून पावलांचा आवाज आला, कडी निघाली, आणि पदर सावरत एक म्हातारी बाई दारात उभी राहिली.

“पाणी आलंय, आजी,” सिद्धी म्हणाली.

“आलं का गं?” वच्छलाबाई म्हणाल्या आणि दार पूर्ण उघडून आत वळल्या. “या, बसा. चहा टाकते.”