तिखटापायी दाढी बारापर्यंतच

मी खलबत्ता बोलतोय. शाळेत गेलो नाही, त्यामुळे गोड बोलणं काही जमलं नाही. ओतीव लोखंडाचा आहे, जड आहे, काठाचा एक टवका उडालाय. माझ्या हातून काही पडलं नाही कधी, मीच एकदा पडलो. फरशी फुटली. एवढी ओळख पुरे.

भट्टीतून निघालो तेव्हा पोटात नुसता खडबडीत. ओतणाऱ्यानं बोट फिरवलं आणि म्हणाला, "चालेल, घासून घासून होईल गुळगुळीत." मग भांड्यांच्या दुकानात फळीवर वर्षभर धूळ खाल्ली. एक दिवस नवं जोडपं आलं. तो न्हावी, ती त्याची बायको. तिला चकचकीत पितळेचा हवा होता. त्यानं मला उचललं, बत्ता आत आपटला, कान देऊन आवाज ऐकला आणि म्हणाला, "हाच घे. यात कुटली तर मिरचीलासुद्धा कळेल कोण भेटलंय ते."

"आणि तुमच्या पोटाला?" ती म्हणाली.

लग्नाला महिना झाला नव्हता आणि बाईला नवरा पाठ झाला होता.

खाली दुकान, वर दोन खोल्या, ओट्याच्या कोपऱ्यात मी. रोज अकरा सुक्या मिरच्या, चार पाकळ्या लसूण आणि खडेमीठ. कुटायचं तिनं, खायचं त्यानं. पहिल्या घासाला त्याचे कान लाल व्हायचे, दुसऱ्याला नाक वाहायला लागायचं, तिसऱ्याला म्हणायचा, "वा! आता कुठं जेवल्यासारखं वाटतंय." तासाभरात हाच माणूस जिन्यात बसून छाती चोळतोय. "अगं, आग लागलीय आग! उद्यापासून तिखट बंद." उद्या उजाडला की, "एकदम बंद करू नये, शरीराला धक्का बसतो." असले वैद्य घरोघरी असतात.

ती स्वतः फिकं जेवायची. "मला नाही बाई सोसत," म्हणायची आणि त्याच्यापुढं थंड दुधाचा पेला आदळायची. आदळायची, पण त्यानं मागायच्या आधी.

अशी बरीच वर्षं गेली. जळजळ एकटी होती तोवर ठीक होतं. मग तिच्या सोबतीला उचकी आली. न्हाव्याला उचकी म्हणजे काय ते कळतंय ना? दुपारी जेवून खाली गेला, समोर खुर्चीत निवृत्त मास्तर, तोंडाला फेस. वस्तरा कानाजवळ आला आणि याला उचकी लागली. मास्तरांच्या गालावर बोटभर रेघ.

"अरे, दाढी करतोस की पेपर तपासतोस?" मास्तर ओरडले. "लाल रेघ मारलीस!"

ती धावत खाली गेली, मास्तरांच्या गालाला तुरटी लावली आणि नवऱ्याकडं वळली. "आज गाल आहे. उद्या गळा असेल. हातात वस्तरा धरायचा त्या दिवशी तिखट नाही. दुकान बंद असेल त्याच दिवशी मिळेल."

त्यानं मान खाली घातली. "बरं."

एवढ्या लवकर बरं म्हणाला, तेव्हाच मला शंका आली होती.

आठवड्याची एक सुट्टी. पुढच्या आठवड्यात दोन झाल्या. मग तीन. "दुकान बंद" अशी पाटी दाराला लावायची आणि हात चोळत ओट्याशी यायचं. "अगं, आज बंद आहे हं." कधी खुर्चीला तेल घालायचंय, कधी कैच्यांना धार लावायचीय. गिऱ्हाइकं येऊन परत जायची. कुणी म्हणे आजारी आहे, कुणी म्हणे धंदा सोडला. शेवटी कपाळावर केस आलेला पोस्टमन जिन्यातून वर आला.

"वहिनी, घरात कुणी गेलं का? तीनदा आलो, तिन्ही वेळा पाटी."

"गेलं नाही," ती म्हणाली. "जेवतंय."

त्या दिवशी माझी रवानगी माळ्यावर झाली. मोडकी खुर्ची, फुटका आरसा आणि मी.

आता खरं सांगतो. घरात शांतता झाली, पण बरी नव्हती. तो दोन घास खायचा आणि ताट सारायचा. अंगातले सदरे ढगळ झाले. दुकानात मुकाट्यानं केस कापायचा. बडबडत नाही तो न्हावी कसला? लोक कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दुकानात जायला लागले. इतक्या वर्षांचं दुकान त्या उचकीनं घालवलं नव्हतं, ते या गप्प राहण्यानं चाललं होतं. ती जेवताना त्याच्याकडं बघायची, माळ्याकडं बघायची आणि भांडी जोरात घासायची.

मग एका दुपारी तो खाली गेल्यावर ती स्टुलावर चढली. मला खाली घेतलं. वाटलं, भंगारवाल्याकडं निघालो. पण तिनं खाली चादरीची घडी घातली, आवाज होऊ नये म्हणून. सहाच मिरच्या. हलक्या हातानं कुटल्या. आणि पावाचा तुकडा बुडवून स्वतःच्या तोंडात टाकला.

मला नवल वाटलं नाही. लग्नापासून रोज माझा तळ ती बोटानं पुसून चाटायची. हे फक्त मला ठाऊक होतं, आणि मी चुगलखोर नाही.

पण आज बोटभर नव्हतं. तिला उचकी लागली, अशी की जिना दणाणला. खाली मास्तर पुन्हा खुर्चीत, फेस लावलेला. त्यांना सोडून हा वर आला. दारात उभा. ती डोळे पुसतेय, नाक लाल, पुढ्यात मी.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"तुम्ही आणलात तेव्हापासून."

"आणि मला म्हणायचीस सोसत नाही!"

"सोसत नाहीच! म्हणून काय आवडू नये?" तिला परत उचकी आली. "दोघं जळत बसलो असतो तर दूध कुणी दिलं असतं?"

तो खाली मान घालून तिच्यासमोर बसला. पावाचा दुसरा तुकडा मोडला. खालून मास्तर ओरडत होते, "अरे, साबण वाळला! कातडं ओढतंय!"

"मास्तर, आज पुसून टाका," हा वरून म्हणाला. "दाढी उद्या सकाळी!"

तिथंच दुकानाचा नियम ठरला. दाढी दुपारी बारापर्यंतच. जेवणानंतर फक्त केस. उचकीनं कैची चुकली तर केसच जातो आणि केस परत येतो. तशी पाटीच लागली. मास्तर कुरकुरले, पण सकाळी यायला लागले. न्हाव्याची बडबडही पुन्हा सुरू झाली.

आता दोघं म्हातारी. डॉक्टरांनी सांगितलंय, एक मिरची, तीही कधीतरी. ती एकच कुटते. मग भांडण सुरू.

"तुमच्या छातीत जळजळतं. माझ्याकडं द्या."

"तुझं पोट कालपासून बिघडलंय. सोड ते."

एकमेकांच्या तब्येतीसाठी दोघं एकमेकांच्या ताटातलं पळवतात. काळजी खरी आहे आणि हावरटपणाही खरा आहे.

माझा तळ आता पातळ झालाय. फार दिवस नाहीत, तेव्हा एक सांगून ठेवतो. ज्याला तिखट सोसत नाही त्याला उपदेश करू नका, त्याला ते पाठ असतं. त्याच्यासोबत जेवायला बसा. वाटून खाल्लं म्हणून जळजळ निम्मी होत नाही हो, दोघांना पुरी पुरी होते. पण मग दुधासाठी कुणी उठायचं यावरून तंटा होतो, आणि दरवेळी दोघंही उठतात.