बिनआवाजाचे मालक

कपाळाला भंडारा लावून सांगते, ह्यातला शबूद न् शबूद खरा हाय! खोटा निघाला तर माझ्या जिभेला फोड येऊ दे, बिरोबाची आन! न्हाई पटत तर आमच्या तलवाड्यात कुनालाबी इचारा, साखराबाई कवा खोटं बोलली का. न्हाईतर नका इचारू. मीच सांगते.

ऋतुजा माझी नात. माझ्या लेकाची, सुग्रीवची पोरगी. बीडला कॉलेजात शिकती अन् शनवारी घरी येती. एका शनवारी तिनं पिशवीतून एक हिरवी पाटी काढली. पत्त्याच्या कॅटाएवढी, अन् तिच्यावर मुंग्यांनी गाव वसवल्यावानी बारीक बारीक ठिपके.

"आजी, ह्यो कम्प्युटर हाय."

"एवढुसा? मंग आई कुठंय त्याची? दूध कोन पाजतं?"

तिनं ती पाटी टीव्हीच्या मागं जोडली. टीव्हीवर सिनेमे, गानी, लग्नातले फोटू, समदं रांगंत उभं राह्यलं. म्हनली, "ह्याच्यात जे चालतंय ना, ते अजून बाहेर आलं न्हाई. बनवनारे लांब लांबच्या देशात बसलेत. सगळ्यांला द्यायच्या आदी ते आमच्यासारख्यांला देतात. आमी घरी लावून बघायचं, अन् कुठं अडतं ते त्यांला कळवायचं."

"म्हंजी पाव्हन्यांला वाढायच्या आदी कालवनाचं मीठ बघायचं."

"तसंच! अन् तू काय कर आजी, रिमोट घे अन् मनाला यील तसं दाब. मोडून दाखव."

सासरी आल्यापासून जो तो म्हनायचा, जपून धर, सांडू नको, मोडू नको. पयल्यांदा कुनीतरी मला मोड म्हनलं! मी काय ऐकती? एका टायमाला दोन बटनं दाबली. पीठ मळता मळता कोपरानं दाबली. चालू गान्यात पिन उपसली. एकदा तर मी इतकं पिडलं, इतकं पिडलं, की टीव्हीतल्या हिरॉइननं मला हात जोडले, "मावशे, बास कर की!" ऋतुजानं हिरॉइनचं सोडून बाकी समदं त्यांला कळवलं. तिकडून एका मानसाचा जबाब आला, तुमची आजी आमाला पायजेल, तिला सोडू नका.

तवर समदं ब्येस चाललं व्हतं.

आता मालकांचं सांगते. मालक म्हंजी ऋतुजाचे आजोबा. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत न्हाईत. जलमभर मेंढ्या राखल्या त्यांनी. ते जायच्या आदी सुग्रीवनं बटनाच्या मोबाईलवर त्यांचा एक इवलासा व्हिडिओ काढला व्हता. माळावर काठीला टेकून उभे हायत, ओठ हालतात, हात वर करून कुठंतरी दावतात. मंग मोबाईल फिरतो अन् लांब मी दिसते, पायात एक कोकरू घोटाळतंय. मंग परत मालक. झालं, सपलं. आवाज न्हाई. मोबाईलच बिघडेल असंल, असं समदे म्हनले. मी सुग्रीवला इचारलं, "आप्पा काय म्हनत व्हते रं?" तर तो म्हनतो, "आये, मी बटन सांभाळत व्हतो, ऐकतो कशाला?"

शेजारच्या मंगलनं तो व्हिडिओ बघितला. म्हनली, "साखरामावशी, काय म्हनत असतील वो ते?"

मी दम बी घेतला न्हाई. म्हनले, "म्हनतात, सात जलम तर समदेच मागतात साखरे, आठवाबी तूच ये."

मंगलच्या डोळ्याला पानी आलं. दुसऱ्या दिशी ती आनखी बाया घिऊन आली. मी व्हिडिओ लावायची अन् मालकांच्या ओठाबराबर म्हनायची, "आठवाबी तूच ये." ओठ असे बराबर बसायचे म्हनता! अन् खरं सांगू? म्हनून म्हनून मलाबी ऐकू यायला लागलं. पाच-सात सालं झाली, निजायच्या आदी मी तेवढं ऐकून निजती.

एका ऐतवारी ऋतुजानं तोच व्हिडिओ त्या पाटीवर लावला अन् थबकली.

"आजी, ह्यात आवाज हाय!"

"आसू दे की."

"नुसता उघडत न्हाई. जुन्या मोबाईलचा आवाज येगळ्या जातीचा असतो, ह्याला तो वळखू यीना. मी ह्याचा तुकडा पाठवते त्यांला."

तुकडा गेला. काही दिसांनी त्याच मानसाचा जबाब आला, की दुरुस्त केलं, पुढच्या व्हर्जनमंदी वाजंल. त्यानं समदं ऐकलं व्हतं. पर त्याला मराठी येत न्हाई, तवा माझी अब्रू राह्यली.

"त्यानं इचारलंय, आजोबा काय म्हनतात," ऋतुजा म्हनली. "मी आठव्या जलमाचं लिवलं. लई खूश झाला बघ."

घ्या! आमची थाप समिंदराच्या पल्याड गेली.

नवं व्हर्जन आलं. ऋतुजानं ते पाटीत घातलं, पर तिला बस गाठायची व्हती. जाता जाता म्हनली, "शनवारी लावू. मंगलकाकूलाबी बलावू, सगळी मिळून ऐकू."

आठवडाभर मी त्या टीव्हीकडं फिरकलेबी न्हाई. मदीच तिचा फोन आला, "आजी, तू लावून बघितलंस का?"

"आगं बाई, लई वंगाळ हाय ते! लावलं की टीव्ही जांभळा पडला, अन् पाटीतून धूर निघाला. जुनंच बसव."

तिनं बिचारीनं तसं कळवलं. दुसऱ्या दिशी परत फोन. "आजी, ते म्हनतात असं कुनाचंच झालं न्हाई. धूर कोनत्या रंगाचा व्हता?"

"निळा. मोराच्या गळ्यावानी."

शनवारी ती आली. खांद्यावरची पिशवी उतरवली, आतून वायर काढली अन् माझ्या म्होरं धरली.

"आजी, पाटीची पिन चुकून माझ्याच पिशवीत गेलती. आठवडाभर तिला करंट न्हवता. मंग धूर कुठला काढलास?"

मी म्हनले, "परळीच्या इजंच्या कारखान्याचा असंल. वारं तिकडूनच व्हतं."

पोरगी पोट धरून हासली. मंग हासायची थांबली अन् माझ्याजवळ बसली. मी सुपातली जवारी निवडत व्हते.

"कावून आजी? तुला आजोबांचा आवाज ऐकायचा न्हाई का?"

मी जवारीतला एक खडा उचलून अंगनात भिरकावला.

"ते तसं म्हनलेच न्हाईत. व्हय ना?"

"म्हनलेबी असतील. मी लांब व्हते गं, मला काय ऐकू येनार?" सूप खाली ठिवलं. "अन् दुसरंच काई म्हनले असले तर? पानी आन म्हनले असले, न्हाईतर मेंढीला खरूज झाली म्हनले असले? मंग मी निजताना काय ऐकू?"

तिनं उठून पिन लावली, टीव्ही चालू केला, मालकांपशी आनून थांबवलं अन् रिमोट माझ्या मांडीवर ठिवला.

"मंगलकाकूला सांगितलं न्हाई मी. तू दाबलं तर वाजंल. न्हाई दाबलं तर मी त्यांला कळवते, आजीनं अजून तपासलं न्हाई म्हनून. तुझी घाई न्हाई कुनाला." अन् ती हापशावर पान्याला गेली.

कोपरानं बटनं दाबनारी मी, माझा आंगठा हालंना. मालक टीव्हीत काठीला टेकून उभे. मी हिकडं. परळीला एवढा कोळसा जळतो अन् आमच्यात घडी घडी लाइट जाती, त्या दिशी मी म्हनले, जा बाई, आता तरी जा! गेली न्हाई.

दाबलं.

आदी वारं आलं. आमच्या माळाचंच वारं. मंग घंट्या. मंग खोकला. आवाजाच्या आदी मी खोकला वळखला.

"आरं, माझं काय काढतो? मी काय बघन्यासारखा हाय? तिकडं धर." हात वर झाला. "ती बघ तुझी आई. कोकरालाबी थापा मारत चाललीय."

मोबाईल फिरला. लांब मी. माझं तोंड हालतंय, कोकरू वर बघतंय.

"मारू दे. तिच्या थापा नसत्या तर ह्या उजाड माळावर माझा दिस सरला नसता."

अन् मंग मेंढ्यांला हाळी, "हुर्र्र... हय्या! या, या, या!"

आठवा जलम न्हाई, सातवा न्हाई, एकबी न्हाई! थापाडी म्हनून गेले मला, पोराच्या देखत! मी पदर तोंडात कोंबून हासले. मंग तोच पदर डोळ्याला लावला. मंग परत दाबलं. परत खोकला.

ऋतुजा कळशी घिऊन दारात उभी व्हती. तिनं समदं ऐकलं व्हतं.

"आजी, त्या मानसाला काय लिवू?"

"लिव, आवाज बराबर हाय. कुठं अडत न्हाई."

"अन् आठवा जलम?"

"ऱ्हाऊ दे तसाच. त्याला मराठी कुठं येतं."

अन् मालकांच्या त्या हाळीनं काय झालं म्हाईत हाय का? वाड्यातल्या आमच्या साठच्या साठ मेंढ्या कुंपन मोडून धावल्या! दारात ही दाटी! एक तर बाजंवर चढून टीव्हीच्या मागं मालकाला हुडकू लागली!

...बरं. भंडारा लावलाय कपाळाला, तर सांगते. साठ न्हवत्या. मालक गेल्यावर सुग्रीवनं कळप इकला, घरी एकच ठिवली. व्हिडिओत माझ्या पायात घोटाळनारं कोकरू हाय ना, तीच. आता म्हातारी झाली, लंगडती. पर ती आली. दारात उभी राहून टीव्हीकडं बघत व्हती. ऋतुजा म्हनती, सुपातली जवारी सांडली व्हती, तिच्या वासानं आली.

म्हनू द्या तिला.