गाढवाचं गाणं वाजवणारी पेटी

मी एक जुनी पायपेटी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण मधली बरीच वर्षं लोक मला टेबल समजत होते. माझी पायडलं दाबली की पोटातला चामड्याचा भाता हवा भरतो, पितळी पट्ट्या थरथरतात आणि मी गाते. मला घडवणारा सुतार स्वतः बेसूर होता, पण लाकडाला त्याचा हात लागला की लाकूड ऐकायचं.

मला वाजवायच्या शिंपीणमावशी. दिवसभर शिवणयंत्राचं पायडल आणि संध्याकाळी चर्चच्या खोलीत माझं, त्यामुळे त्यांच्या पायांना उसंत म्हणून नव्हती. नाताळ जवळ आला की मंडळी घरोघरी गायला निघत आणि मी हातगाडीवरून त्यांच्याबरोबर. सगळ्यांना तोंडपाठ असलेली गाणी मावशी मुद्दाम टाळायच्या. ती तर दुकानांतही वाजतात, भेट द्यायची तर लोकांकडे नसलेली द्यावी, असं त्यांचं म्हणणं. मग एका दारात बाळाच्या आईला पाठीवरून नेताना रस्ताभर कुरकुरणाऱ्या गाढवाचं गाणं. दुसऱ्या दारात त्या मेंढपाळ मुलीचं, जिच्याकडे गोठ्यातल्या बाळाला द्यायला काहीच नव्हतं, म्हणून ती वारा येत होता त्या बाजूला आडोसा होऊन उभी राहिली. ही गाणी मावशींना त्यांच्या आईकडून मिळाली होती आणि ती फक्त त्यांच्या बोटांत होती; मंडळी पहिल्या ओळीला तेवढी साथ करत. पाववाला दरवर्षी गाढवाचंच मागायचा आणि पिठाच्या हातांनी दारात उभा राहून ऐकायचा. मला तेव्हा फार अभिमान वाटे.

पुढे मावशींना ऐकू येईनासं झालं. तरी माझं थरथरणं पायांना आणि बोटांना कळायचं, त्यामुळे आमचं निभावत होतं. मग कुणीतरी विजेवरचा कीबोर्ड भेट दिला. तो हलका, देखणा, त्याचा काही दोष नाही. पण तो थरथरत नव्हता. मावशी त्यावर भरकटल्या. उगाच तुमची फजिती नको, म्हणाल्या आणि परत आल्या नाहीत. माझ्यावर घोंगड्या रचल्या गेल्या, उंदरांनी भाता कुरतडला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

एका वर्षी पाववाला अंथरुणाला खिळला. नाताळात त्याला गाढवाचं गाणं ऐकवायचं, असं त्याच्या मुलीने ठरवलं. पण पहिल्या ओळीपुढे कुणालाच काही आठवेना. ती मावशींकडे गेली आणि शिंप्याच्या खडूने कापडावर लिहिलं, "गाढवाचं शिकवाल?"

मावशींनी ते वाचलं. मग म्हणाल्या, "पेटीशिवाय आता मला ते सापडत नाही गं. आणि मी गेले की कुणालाच सापडणार नाही."

मुलीने मला बाहेर काढलं. चांभारकाकांनी बुटाच्या मऊ चामड्याचं ठिगळ भात्याला लावलं आणि ही माझी नाताळची भेट, म्हणाले. मावशी बसल्या, पाय ठेवले आणि गाणं निघालं, सगळं. मुलीने ते पुन्हा पुन्हा वाजवून बसवलं. बरोबर येतंय की नाही, हे मावशींना कसं कळावं? त्यांनी दोन्ही तळवे माझ्या झाकणावर टेकले आणि तिला वाजवायला सांगितलं.

मध्येच त्यांनी थांबवलं. "इथे घाई केलीस. गाढव चढ चढतंय."

तिने पुन्हा वाजवलं. मावशींचे तळवे माझ्यावरून हलले नाहीत.

"हं. पोहोचलं. जा, बाबांना ऐकव. आणि उद्या ये, मेंढपाळ मुलीचं घेऊन जा."

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना पुसत जा, वाजवत जा. आणि तुमच्या घरातही कुणा एकालाच येणारं एखादं गाणं असेल. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, मग न मागता गाणं कोण देईल? देणाऱ्याचे हात शाबूत आहेत, तोवर मागून घ्या. मावशींकडे त्या नाताळात कुणीतरी गाणं मागितलं, याहून मोठी भेट त्यांना मिळाली नव्हती.